सेंट्रल लाइन ओळखायची कशी, सांभाळायची कशी: इंदूरमध्ये नव्याने रुजू झालेल्या नर्ससाठी

जळगाव, धुळे, बुऱ्हाणपूरकडची कितीतरी मराठी मुलं-मुली नर्सिंग करून इंदूरला येतात. इथल्याच रामबाग, लोकमान्य नगरातल्या घरांतूनही बरीच जण या पेशात आहेत. एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या गजबजलेल्या वॉर्डात असा किंवा एखाद्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत, पहिल्या काही दिवसांतच तुमच्या वाट्याला सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी, असलेला रुग्ण येणार. हँडओव्हरमध्ये कानावर पडतं, "बेड चार, सेंट्रल लाइन आहे." एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या जातीची लाइन, टोक कुठे, किती लुमेन (नळीतल्या स्वतंत्र वाटा), कुठल्या लुमेनमध्ये काय चालू, घातली कधी, हे पाच प्रश्न तिथल्या तिथे, आधीची सिस्टर घरी जाण्याआधी विचारून घ्या. पुढचं सगळं या पाच उत्तरांवर अवलंबून असतं.

कंपन्यांची नावं पाठ करण्याच्या मागे लागू नका. ती बदलतात. त्याऐवजी कॅथेटर, म्हणजे ती नळी, कातडीतून कुठे आत शिरतोय आणि त्याचं टोक कुठे थांबलंय, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. त्यावरून जात आपोआप कळते.

पहिली पायरी: टोकाचा पत्ता

लाइन मानेतून घातली म्हणून सेंट्रल होत नाही आणि दंडातून घातली म्हणून साधी होत नाही. सगळं टोकावर ठरतं. सुपिरिअर व्हेना कॅव्हा या मोठ्या शिरेच्या खालच्या एक-तृतीयांश भागात, किंवा ती हृदयाच्या उजव्या एट्रियमला (वरच्या कप्प्याला) मिळते त्या जागी टोक असेल, तर ती सेंट्रल. जांघेतून घातलेल्या लाइनचं टोक खालच्या मोठ्या शिरेत, म्हणजे इन्फिरिअर व्हेना कॅव्हात असतं.

इतक्या आत जायचं कारण रक्ताचा प्रवाह. वरच्या मोठ्या शिरेतून मिनिटाला साधारण २ लिटर रक्त वाहतं. नॉरअॅड्रेनलिन (बीपी वाढवणारं), टीपीएन (शिरेतून द्यायचं पूर्ण पोषण), तीव्र पोटॅशियम, केमोतली व्हिन्क्रिस्टिन किंवा डॉक्सोरुबिसिन अशी औषधं तिथे पडताक्षणी पातळ होतात. हीच औषधं मनगटाच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपली तर कातडी आणि खालचं मांस जळतं.

हृदयापर्यंत नळी नेता येते हे वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. कोपराजवळच्या शिरेतून ६५ सेंटिमीटरचा कॅथेटर आत सरकवला आणि तसाच चालत एक्स-रे विभागात गेला. या प्रयोगासाठी गेर्डा डिट्झेन ही नर्स स्वतः पुढे आली होती. त्याने तिला टेबलावर बांधून ठेवलं आणि नळी मात्र आपल्याच हातात घातली. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. डिट्झेनचं नावही आपल्या पेशातल्या माणसांना ठाऊक असावं असं मला वाटतं, म्हणून इथे लिहिलं.

आता नव्या माणसाला हमखास चकवणारी गोष्ट: मिडलाइन. ही दंडातूनच जाते, बाहेरून पीआयसीसी या दंडातून घातलेल्या सेंट्रल लाइनसारखीच दिसते, ड्रेसिंगही तसंच. पण तिचं टोक काखेपाशीच थांबतं, म्हणजे ती सेंट्रल नाही. तिच्यातून टीपीएन किंवा कातडी जाळणारी केमो सोडणं म्हणजे धोका ओढवून घेणं. दंडातली लाइन दिसली की फाइलमधली प्रोसीजर नोट उघडा, आत किती सेंटिमीटर गेलीय ते वाचा, एक्स-रेमध्ये टोक कुठे दिसतंय ते डॉक्टरांना विचारा. नोट सापडत नसेल तर खात्री होईपर्यंत तिला मिडलाइनच समजा.

दुसरी पायरी: कातडीकडे बघून जात ओळखा

मानेत, गळपट्टीच्या हाडाखाली किंवा जांघेत नळी थेट आत गेलीय, टाक्यांनी बांधलीय, बाहेर दोन-तीन रंगीत शेपट्या लोंबतायत: ही साधी, म्हणजे नॉन-टनेल्ड लाइन. आयसीयूत नव्वद टक्के काम हिच्याशीच असतं म्हणा ना. मोठ्या माणसांत बहुधा ७ फ्रेंचची (हे नळीच्या जाडीचं माप), तीन लुमेनची. सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, आधी सुई, मग वायर आणि वायरवरून कॅथेटर, अशी ती घालतात. मुक्काम काही दिवसांचा, फार तर दोन-तीन आठवड्यांचा. मानेतली उजवी जागा डॉक्टरांना सोयीची, कारण तिथून वाट सरळ जाते आणि सोनोग्राफीत शीर नीट दिसते. गळपट्टीच्या हाडाखालची, सबक्लेव्हियन, जंतुसंसर्गाच्या दृष्टीने बरी. पण फुप्फुसाला सुई लागण्याचा धोका तिथे जास्त आणि रक्त आलं तर दाबायला जागा नाही. जांघेतली घाईच्या वेळी कामी येते, मात्र लघवी-शौचाच्या जवळ असल्याने तिला सगळ्यात जास्त जपावं लागतं.

दंडाच्या आतल्या बाजूने, कोपराच्या वर, बारीक नळी शिरलेली दिसली आणि टोक छातीत असेल, तर ती पीआयसीसी. बहुधा बॅसिलिक शिरेतून घालतात. आठवडे ते महिने टिकते. लांबलेली अँटिबायोटिक्स, केमो, टीपीएन यांसाठी. त्या हाताला बीपीचा कफ बांधायचा नाही, त्या हातात सुई टोचायची नाही. घातली त्याच दिवशी कोपराच्या घडीपासून १० सेंटिमीटर वर दंडाचा घेर मोजून चार्टवर लिहा. पुढे हात सुजल्यासारखा वाटला तर तुलनेला आकडा हाताशी असतो. किडनीच्या रुग्णाला पीआयसीसी ठरत असेल तर नेफ्रॉलॉजिस्टला विचारलंय का, हे आठवण करून द्यायला कचरू नका. पुढे डायलिसिसची फिस्टुला, म्हणजे हातातल्या धमनी-शिरेची जोड, करायला त्याच शिरा लागतात.

तिसरी जात टनेल्ड. नळी शिरेत मानेपाशी शिरते, पण कातडीखालून बोगद्यासारखी जाऊन छातीवर बाहेर निघते. म्हणून सुरुवातीला दोन जखमा दिसतात, मानेवर छोटी आणि छातीवर नळीची. कातडीखाली नळीवर डेक्रॉनचा एक कफ असतो. काही आठवड्यांत आजूबाजूची ऊती त्यात वाढते, नळी पक्की धरली जाते आणि बाहेरच्या जंतूंना आत जायची वाट अडते. तोपर्यंत टाके काढायची घाई नको आणि ओढाताण तर अजिबात नको. ब्रोव्हियॅक १९७३ मधला, हिकमन १९७९ मधला. नावं आजही तीच चालतात. ग्रोशाँग प्रकारात टोकाशी झडप असते, त्यामुळे त्याला हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) न लावता नुसत्या सलाईनने फ्लश करतात, म्हणजे नळी धुतात.

चौथी जात बाहेरून दिसतच नाही. छातीवर कातडीखाली रुपयाएवढा टणक फुगवटा हाताला लागतो, तो केमोपोर्ट. वापरायचा तेव्हा ह्यूबर सुईनेच टोचायचा. साधी सुई आतल्या सिलिकॉनचा तुकडा कापून काढते आणि पोर्ट गळायला लागतो. ग्लोव्हज निर्जंतुक, दोन बोटांनी पोर्ट घट्ट धरायचा, सुई सरळ ९० अंशात, तळाला टेकेपर्यंत. रक्त परत आलं तरच पुढचं औषध. सुई आत राहणार असेल तर ७ दिवसांनी बदलायची. वापरात नसलेला पोर्ट साधारण दर ४ आठवड्यांनी फ्लश करतात. काही ठिकाणी अंतर जास्त ठेवतात, तुमच्या युनिटचा नियम बघा.

डायलिसिसचा कॅथेटर साधा किंवा टनेल्ड, दोन्ही प्रकारचा असतो, पण त्याबद्दल मी वेगळं सांगते, कारण तो जाडजूड, दोन लुमेनचा, लाल-निळा असतो आणि शीर सापडत नसली की हात त्याच्याकडे जातो. जाऊ देऊ नका. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात त्यात बहुधा तीव्र हेपरिन भरून ठेवलेलं असतं. ते न काढता सलाईन ढकललं तर सगळं हेपरिन रुग्णाच्या रक्तात जातं. प्रत्येक लुमेनमध्ये किती मिली मावतं तो आकडा त्यावर छापलेला असतो. जीव वाचवायची वेळ आली तरच, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आधीचं लॉक, म्हणजे भरून ठेवलेलं हेपरिन, ओढून टाकून तो वापरायचा. एरवी ते डायलिसिस युनिटचं काम.

तिसरी पायरी: लुमेनचा हिशेब

तीन लुमेन म्हणजे एकाच कॅथेटरमध्ये तीन स्वतंत्र वाटा, आणि त्या आत वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात. डिस्टल अगदी टोकाशी, प्रॉक्सिमल सगळ्यात मागे, मिडल मधोमध. बऱ्याच सेटमध्ये डिस्टल तपकिरी, मिडल निळा, प्रॉक्सिमल पांढरा असतो. पण रंगावर विसंबू नका, हबवर छापलेलं वाचा. डिस्टल सगळ्यात रुंद, म्हणून सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) मोजण्यासाठी, रक्त आणि भराभर सलाईन देण्यासाठी. टीपीएनला एक लुमेन कायमचा राखून ठेवायचा, त्यात दुसरं काही नाही.

आता इनोट्रोपची, म्हणजे नॉरअॅड्रेनलिनसारख्या बीपी टिकवणाऱ्या औषधांची वाट. रात्री तीनला सॅम्पल हवं असतं, दोन लुमेन अडलेले, तिसऱ्यात नॉरअॅड्रेनलिन तासाला ५ मिलीच्या वेगाने चालू. तिथे सिरिंज लावून १० मिली सलाईन ढकललं, तर एक्स्टेन्शनमध्ये आणि लुमेनमध्ये साठलेलं औषध एका दमात हृदयाकडे जातं आणि मॉनिटरवर बीपी बघता बघता दोनशेपार. उलट पंप थांबवून रक्त ओढत बसलात, तर या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांतच ओसरतो आणि बीपी कोसळतं. म्हणून इनोट्रोपच्या लुमेनला फ्लश नाही, बोलस (एकदम दिलेला डोस) नाही, सॅम्पल नाही. त्या शेपटीवर लाल अक्षरांत लेबल लावा आणि थ्री-वेच्या (तीन तोंडांच्या तोटीच्या) बाजूच्या तोंडाला झाकण घट्ट लावून ठेवा, म्हणजे घाईत कुणाचा हात तिकडे जाणार नाही.

दुसऱ्या लुमेनमधून सॅम्पल घेतानाही बाकीची चालू ड्रिप डॉक्टरांना विचारून थोडा वेळ थांबवावी लागते, नाहीतर पोटॅशियम, साखर खोटी वाढलेली दिसते. इनोट्रोप मात्र थांबवायचं नाही.

चौथी पायरी: वापरण्याआधी

मान किंवा गळपट्टीतून लाइन घातल्यावर एक्स-रे होऊन डॉक्टरांनी "वापरा" म्हणेपर्यंत ड्रिप लावू नका. दंडातून घातलेल्या पीआयसीसीलाही तेच, जर टोकाची खात्री ईसीजीच्या पद्धतीने झालेली नसेल तर. एक्स-रे बघायला शिका: श्वासनलिका जिथे दोन फांद्यांत वाटली जाते, त्या पातळीच्या आसपास टोक असतं.

मग सिरिंज. १० मिलीची किंवा त्याहून मोठीच. लहान सिरिंजने दाब जास्त पडतो आणि बारीक नळी फाटू शकते. आधी हलकेच ओढून रक्त येतंय का बघा, मग थांबत-थांबत, ढकल-थांब-ढकल करत १० मिली सलाईन. रक्त दिल्यावर किंवा घेतल्यावर २० मिली. अडतंय असं जाणवलं तर जोर लावायचा नाही. शेवटचा अर्धा मिली सिरिंजमध्येच ठेवून क्लॅम्प लावा, म्हणजे रक्त मागे येऊन टोकाशी साकळत नाही.

पाचवी पायरी: रोजची निगा

लाइन घालताना तुम्ही शेजारी उभे असाल तर नुसती ट्रे द्यायला नसता. हात धुणं, टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्हज, रुग्ण डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन लावून ते पूर्ण वाळू देणं. यातलं काही सुटलं तर "सर, जरा थांबा" म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये पीटर प्रोनोव्होस्ट यांनी अशा पाचच गोष्टींची यादी लागू केली आणि नर्सला प्रोसीजर थांबवायची मुभा दिली. लाइनमुळे रक्तात होणारा संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नवीन माणसाला मोठ्या डॉक्टरांपुढे बोलणं जड जातं, मला कळतं. तरी बोला. इन्चार्ज सिस्टरला आधीच सांगून ठेवलं तर धीर येतो.

प्रत्येक वेळी जोडण्याआधी हबचं तोंड अल्कोहोलने १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. पंधरा सेकंद वाटतात त्यापेक्षा बरेच लांब असतात. एकदा घड्याळ लावून बघा. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉजचं २ दिवसांनी बदलायचं. मात्र हे वेळापत्रक सुकं, चिकटलेलं ड्रेसिंग गृहीत धरून आहे. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना पंख्याखालच्या वॉर्डात घामाने दुसऱ्याच दिवशी कड सुटते. मानेच्या लाइनचं तर विचारू नका, दाढी आणि घाम दोन्ही. कड उचललेली, ओलं किंवा रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग दिसलं की तारीख न बघता बदलायचं. ड्रेसिंगवर तारीख, वेळ आणि सही. शिवाय दर शिफ्टला कातडीपाशी कितवा सेंटिमीटर दिसतोय ते लिहा. काल १५ होता आणि आज १२ असेल, तर कॅथेटर बाहेर आलाय. तो आत ढकलायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

नातेवाईक रोज विचारतात, "सिस्टर, ये नली कब निकलेगी?" हाच प्रश्न राउंडला तुम्ही विचारा. इनोट्रोप बंद, तोंडाने खाणं सुरू, हातात चांगली शीर आहे, तर लाइन अजून का? गरज संपलेली लाइन ठेवण्यात नुसता तोटा.

सहावी पायरी: काहीतरी बिनसलंय

लाइन घातल्यावर तासाभरात धाप, छातीत टोचणं, ऑक्सिजन उतरणं: फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, लगेच कळवा. वायर आत असताना मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे झाले तर मोठ्याने सांगा. वायर थोडी मागे घेतली की बहुधा शांत होतात. फ्लश केल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप आला, तर संशय लाइनवरच घ्या; लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला, पाठवतात. त्याच बाजूचा हात, मान सुजली तर गुठळी. लाइन अचानक अडली तर आधी साध्या गोष्टी तपासा: क्लॅम्प बंद आहे का, नळी दुमडलीय का, नुकतंच फेनिटॉइन डेक्स्ट्रोजसोबत गेलंय का, कॅल्शियम आणि बायकार्ब एकत्र झालंय का. औषधाचा खडा झाला असेल तर कुठलाही जोर त्याला हलवणार नाही.

सगळ्यात भीतीची गोष्ट हवेची. झाकण निघालं, थ्री-वे सुटला आणि रुग्णाने खोल श्वास घेतला की हवा आत ओढली जाते. रुग्ण घाबरा होतो, खोकतो, निळसर पडतो. आधी नळी क्लॅम्प करा, नसेल तर बोटाने दुमडून धरा. रुग्णाला डाव्या कुशीवर, डोकं खाली. ऑक्सिजन पूर्ण सोडा. आणि ओरडून मदत बोलवा. बेड सोडून जाऊ नका.

सातवी पायरी: लाइन काढताना

रुग्ण बसलेला असताना मानेची किंवा गळपट्टीची लाइन कधीही काढायची नाही. सपाट झोपवा, जमत असेल तर डोक्याकडची बाजू खाली. श्वास रोखून जोर करायला सांगा आणि त्याच क्षणी ओढा. निदान पाच मिनिटं दाब, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जास्त. मग हवाबंद ड्रेसिंग, ते दिवसभर राहू द्या. अर्धा तास उठू द्यायचं नाही. काढलेल्या कॅथेटरचं टोक शाबूत आहे ना, लांबी पुरी आहे ना, हे बघूनच तो टाका. टनेल्ड लाइन आणि पोर्ट नर्सने काढायचे नसतात.

आठवी पायरी: लाइन घेऊन घरी जाणारा रुग्ण

झाबुआ, बडवानी, खरगोनहून आलेली माणसं पीआयसीसी किंवा पोर्ट घेऊन घरी जातात, तेव्हा जवळच्या दवाखान्यात ती कुणी याआधी पाहिलेली असेलच असं नाही. म्हणून कार्ड तुम्हीच नीट भरा आणि घरच्यांना त्यांच्या बोलीत समजावा. पोर्टला सुई नसेल आणि जखम भरलेली असेल, तर आंघोळ बिनधास्त. पीआयसीसी किंवा हिकमन असेल तर ओंकारेश्वरला, महेश्वरला नर्मदेत डुबकी नाही, विहिरीत उतरणं नाही, आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, न जाता घरीच राहायचं. हातपंप हापसणं, त्या हाताने भरलेली बादली उचलणं बंद. घरी आंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळून, हात पाण्याबाहेर.

कार्डावर हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहा: लाइनची जात, घातल्याची तारीख, किती सेंटिमीटर बाहेर, पुढचं ड्रेसिंग आणि फ्लश कधी, "इस हाथ में बीपी ना लें" आणि वॉर्डचा फोन नंबर. ताप, हुडहुडी, हात सुजणं, नळी बाहेर येणं किंवा फाटणं यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता निघायचं. नळी फाटली तर फाटलेल्या जागेच्या वर, शरीराच्या बाजूने, दुमडून घट्ट बांधायची. हे नातेवाइकाला तुमच्यासमोर एकदा करून दाखवायला सांगा. जमलं की मग डिस्चार्जच्या कागदावर सही घ्या.